टाय कॉब की जॉश गिब्सन? कारकिर्दीची सरासरी कशी वाचायची

तुमचा प्रश्न मला असा समजला: मंडळाच्या प्रश्नमंजुषेत 'बेसबॉलच्या इतिहासात कारकिर्दीची सर्वाधिक फलंदाजी सरासरी कोणाची?' असं विचारलं होतं. एका गटाने टाय कॉब सांगितला, दुसऱ्याने जॉश गिब्सन, आणि दोघांनीही फोनवर पुरावा काढून दाखवला. कॉबचा आकडाही एका ठिकाणी .३६६ निघाला, दुसऱ्या ठिकाणी .३६७. शिवाय तुम्ही विचारताय की जेमतेम बावीसशे ॲट-बॅटवाला (हिशोबात धरलेल्या फलंदाजीच्या वेळा, पुढे सांगतो) माणूस अकरा हजारांहून जास्त ॲट-बॅटवाल्याच्या वर कसा बसतो, आणि आजचा एकही खेळाडू या आकड्यांच्या आसपास का नाही.

गुणांचा निकाल आधी लावतो. मेजर लीग बेसबॉलच्या अधिकृत नोंदीप्रमाणे आज पहिला गिब्सन (.३७२) आणि दुसरा कॉब (.३६७). प्रश्नात 'अधिकृत नोंदीनुसार' असं असेल तर गिब्सन बरोबर. 'अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये' (मेजर लीगच्या दोन मुख्य लीग) असं असेल तर कॉब बरोबर. यांपैकी काहीच नसेल तर दोन्ही गटांना गुण द्या, कारण प्रश्नच अर्धवट विचारला गेलाय. हा बदल २९ मे २०२४ रोजी झाला. त्याआधी छापलेल्या प्रत्येक पुस्तकात कॉबच पहिला सापडेल, त्यामुळे ते उत्तर देणाऱ्यालाही दोष देता येणार नाही.

पण तुमच्या प्रश्नाच्या तळाशी मला न्यायाची शंका दिसते. इतक्या कमी संधींवरचा आकडा इतक्या लांब कारकिर्दीच्या वर ठेवणं बरोबर आहे का? त्याबद्दल सविस्तर लिहितो. मी पुण्यात क्लब क्रिकेटचा स्कोअरर होतो आणि अमेरिकेत आल्यापासून बरीच वर्षं कॉलेज बेसबॉलचं स्कोअरिंग करतोय. ही सरासरी ज्या वहीत जन्माला येते, ती वही माझ्या हातात असते.

आपण क्रिकेटवाले इथे पहिल्यांदा अडखळतो ते छेदावर. क्रिकेटमध्ये धावा भागिले बाद झालेल्या खेळी. ब्रॅडमनच्या ६,९९६ धावा भागिले ७० म्हणजे ९९.९४, नाबाद राहिलेल्या १० खेळी छेदात येत नाहीत. बेसबॉलमध्ये धावांचा संबंधच नाही. हिट्स भागिले ॲट-बॅट. हिट म्हणजे चेंडू मारून, क्षेत्ररक्षकाच्या चुकीशिवाय, निदान पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचणं. ॲट-बॅट म्हणजे बॅटर उभा राहिला ती वेळ, पण सगळ्या वेळा नाहीत: चार 'बॉल'वर (आवाक्याबाहेर टाकलेल्या चेंडूंवर) मिळालेला वॉक म्हणजे फुकटचा पहिला बेस, अंगाला लागलेला चेंडू, आणि स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढे नेणारे दोन फटके, सॅक्रिफाइस बंट (बॅट नुसती टेकवून हळू खेळलेला) आणि सॅक्रिफाइस फ्लाय (उंच झेल गेलेला), यातून वगळतात. म्हणजे ही सरासरी एक प्रमाण आहे. ती १ च्या वर जाऊच शकत नाही, आणि चांगल्या बॅटरांचे आकडे एकमेकांना फार चिकटून असतात. .३७२ आणि .३६७ यांत पाच सहस्रांशांचा फरक आहे. पाच सहस्रांश म्हणजे दोनशे ॲट-बॅटमागे एक हिट.

आता हाच फरक गिब्सनच्या कारकिर्दीवर ठेवून बघा. बावीसशेच्या आसपास ॲट-बॅट, म्हणजे पाच सहस्रांशांसाठी लागतात अकरा हिट्स. संपूर्ण कारकिर्दीत अकरा चेंडू दोन पावलं इकडे पडले असते, तर तो कॉबच्या बरोबरीला आला असता. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर इतक्या ॲट-बॅटवर नुसत्या योगायोगाने सरासरी दहाएक सहस्रांशांनी इकडेतिकडे होऊ शकते. कॉबच्या बाबतीत हीच सैल जागा चार-पाच सहस्रांशांची. म्हणून दोघांत श्रेष्ठ कोण, हे या एका रकान्यावरून ठरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. यादीला कोणाला तरी वर लिहावंच लागतं म्हणून गिब्सन वर आहे.

मग गिब्सनला यादीत घ्यायलाच नको होतं का? माझं उत्तर ठाम 'घ्यायलाच हवं होतं' असं आहे. त्याचे ॲट-बॅट कमी का, हे आधी पाहायला हवं. १९४७ पर्यंत अमेरिकन आणि नॅशनल लीगची दारं कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. त्यांनी स्वतःच्या व्यावसायिक लीग उभ्या केल्या. १९२० साली रूब फॉस्टरच्या पुढाकाराने निग्रो नॅशनल लीग सुरू झाली, नंतर आणखी लीग आल्या. गिब्सन पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या संघांकडून खेळला, तेही कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून, जी मैदानावरची सगळ्यात शरीर मोडणारी जागा. या लीगचे अधिकृत सामने हंगामात साठ-ऐंशीच्या घरात, कधी त्याहूनही कमी. पोट भरायला संघ गावोगाव फिरून शेकडो इतर सामने खेळायचे, पण ते सामने लीगच्या हिशोबात धरले जात नाहीत. त्याच काळात गोऱ्यांच्या लीगचा हंगाम १५४ सामन्यांचा होता. म्हणजे गिब्सन कमी खेळला असं नाही. मोजलं गेलेलं खेळणं कमी होतं. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. त्यानंतर तीन महिने व्हायच्या आत, १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. ही तारीख मी दरवर्षी मुलांना सांगतो, आणि दरवर्षी सांगताना जड जातं.

मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना 'मेजर' दर्जा दिला. मग इतिहासकार जॉन थॉर्न यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नोंदी तपासल्या आणि २०२४ मध्ये त्या अधिकृत यादीत मिसळल्या. या नोंदी कुठून आल्या हे कळलं की कामाचं मोल कळतं. 'पिट्सबर्ग कुरियर', 'शिकागो डिफेंडर', 'बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन' अशा वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतून संशोधकांनी एकेक बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकडेवारीचा तक्ता) शोधून काढला. यातलं बरंचसं काम नोकरी-धंदा सांभाळून, आवडीपोटी केलेलं. तरीही सगळे बॉक्स स्कोअर मिळालेले नाहीत. ढोबळमानाने तीन-चतुर्थांश सापडलेत. म्हणजे गिब्सनचा .३७२ हा आकडा अजून हलू शकतो, वर किंवा खाली. एखाद्या ग्रंथालयाच्या मायक्रोफिल्ममध्ये आणखी काही सामने मिळाले की अकरा हिट्सचं अंतर वाढेल किंवा मिटेल. दोन विश्वासार्ह संकेतस्थळांवर त्याची सरासरी एका सहस्रांशाने वेगळी दिसली तर गोंधळू नका. दोघांनी मोजलेले सामने थोडे वेगळे असतात.

किमान अटीचं आता बघू, कारण अशी प्रत्येक यादी किमान अटीवर उभी असते. क्रिकेटमधलं उदाहरण तुम्हाला चटकन पटेल. अट नसेल तर कसोटीत सरासरीचा राजा ब्रॅडमन राहत नाही. वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम १९४८ मध्ये एकच कसोटी खेळला, एकाच खेळीत ११२ करून बाद झाला, त्याची सरासरी ११२. बेसबॉलमध्ये त्याच्या जोडीला जॉन पाचोरेक आहे: १९६३ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी ह्यूस्टनकडून खेळला, तिनाला तीन हिट्स, नंतर पाठीच्या दुखण्यामुळे मेजर लीगमध्ये परत आलाच नाही. सरासरी १.०००. म्हणून रेषा ओढावी लागते, आणि ती कुठे ओढायची याला निसर्गाचा नियम नाही.

रेषा जरा सरकवली की यादी कशी बदलते ते पाहा. शूलेस जो जॅक्सनची सरासरी .३५६, ॲट-बॅट ४,९८१. पाच हजारांची अट लावली की तो १९ ॲट-बॅटनी बाहेर. १९१९ च्या वर्ल्ड सीरिजच्या लाचखोरी प्रकरणात त्याच्यावर बंदी आली नसती, तर पुढच्या हंगामात आठवडाभरातच ही अट पुरी झाली असती. दुसरा लेफ्टी ओडूल: ३,२६४ ॲट-बॅटमध्ये १,१४० हिट्स, सरासरी .३४९. तीन हजारांच्या अटीत तो टेड विल्यम्सच्या (.३४४) वर बसतो, पाच हजारांच्या अटीत यादीतच नसतो. निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी समितीने वेगळी, कमी अट ठेवली, कारण त्यांच्या हंगामांची लांबीच कमी होती. मला ती योग्य वाटते. कोणाला वाटणार नाही, आणि त्यांच्याशी मी भांडणार नाही. फक्त यादी दाखवताना ॲट-बॅटचा रकाना झाकू नका, एवढंच मागणं. तो रकाना उघडा असला की गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन (.३६३) आणि रॉजर्स हॉर्न्सबी (.३५८) एका यादीत बसायला काहीच अडचण नाही.

कॉबच्या .३६६ आणि .३६७ ची भानगड वेगळी आहे, आणि स्कोअररच्या नजरेने फार मोलाची. १९१० साली अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक सरासरीसाठी कॉब आणि नॅप लाजोवे यांच्यात चुरस होती. जिंकणाऱ्याला चामर्स कंपनीची मोटार मिळणार होती. कॉब शेवटचे सामने खेळलाच नाही, सरासरी जपून बसला. शेवटच्या दिवशी सेंट लुइसमध्ये लाजोवेला दोन सामने होते. तिथल्या ब्राउन्स संघाचा व्यवस्थापक जॅक ओकॉनर याने आपल्या थर्ड बेसमनला इतकं मागे उभं केलं की लाजोवेने बंट करायचा आणि सावकाश पळायचं. त्या दिवशी त्याला आठ हिट्स मिळाले, बहुतेक बंटवर. ओकॉनरची नोकरी गेली. लीगच्या अध्यक्षांनी शेवटी कॉबला किंचित पुढे ठरवलं आणि कंपनीने दोघांनाही मोटार दिली.

सत्तर वर्षांनी संशोधक पीट पामर यांना आढळलं की त्या हंगामातला कॉबचा एक सामना, तिनाला दोन हिट्स, वहीत दोनदा लिहिला गेला होता. हे १९८१ मध्ये छापून आलं. मेजर लीगचे तेव्हाचे आयुक्त बोवी कून यांनी निकाल बदलायला नकार दिला. म्हणून मेजर लीगच्या नोंदीत कॉबच्या हिट्स ४,१९१ आणि सरासरी .३६७, संशोधकांच्या नोंदीत दुरुस्त्या धरून ४,१८९ आणि.३६६. यातून आणखी एक गंमत निघते. ८ सप्टेंबर १९८५ रोजी शिकागोत पीट रोझने कारकिर्दीतला ४,१९० वा आणि ४,१९१ वा हिट मारला, तेव्हा सगळे म्हणाले की कॉबच्या सर्वाधिक हिट्सच्या विक्रमाशी बरोबरी झाली. विक्रम मोडल्याचा सोहळा ११ सप्टेंबरला सिनसिनाटीत झाला. दुरुस्त आकडा धरला तर विक्रम शिकागोतच मोडला होता. मी स्वतः लिहिताना .३६६ लिहितो, कारण दोनदा मोजलेला सामना मला वहीत ठेववत नाही. पण मेजर लीगचा हवाला द्यायचा असेल तर .३६७ लिहा आणि तसं सांगा.

इथे एक गोष्ट जोडतो, जी बाहेरून दिसत नाही. हिट की एरर, हे स्कोअरर ठरवतो. जोरात जमिनीवरून गेलेला चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातमोज्याला लागून निसटला, तर मला स्वतःला विचारावं लागतं: सर्वसाधारण प्रयत्नात हा चेंडू अडवून बाद करता आला असता का? 'हो' म्हटलं तर एरर, बॅटरच्या खात्यात हिट नाही, ॲट-बॅट मात्र चढतो. 'नाही' म्हटलं तर हिट. दोन प्रामाणिक स्कोअरर एकाच चेंडूवर वेगळा निर्णय देऊ शकतात. कॉबच्या काळातले हातमोजे लहान, मैदानं खडबडीत. तेव्हाचा 'सर्वसाधारण प्रयत्न' आणि आजचा यांत बराच फरक आहे.

नियमही स्थिर नव्हते. १८८७ च्या हंगामात वॉक हिट म्हणून धरले जात. टिप ओनीलची त्या वर्षीची सरासरी .४९२ नोंदली गेली होती. वॉक काढून टाकल्यावर.४३५ राहिली. फाउल (रेषेबाहेर मारलेल्या) चेंडूला स्ट्राइक (तीन झाले की बाद) धरायचा नियम नॅशनल लीगमध्ये १९०१ पासून, अमेरिकन लीगमध्ये १९०३ पासून. सॅक्रिफाइस फ्लायचा नियम अनेकदा आला-गेला आणि १९५४ मध्ये कायमचा झाला. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये .४०६ केलं तेव्हा ती सवलत नव्हती. त्या हंगामाच्या शेवटच्या सकाळी त्याची सरासरी .३९९५५ होती. बाहेर बसला असता तर तीन दशांश स्थळांपर्यंत .४०० धरली गेली असती. तो फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळला आणि आठाला सहा हिट्स मारल्या. १९१० च्या प्रसंगाशेजारी हा प्रसंग ठेवून बघितला की विल्यम्सबद्दलचा माझा आदर आणखी वाढतो.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी भाग हा पुढचा आहे. कुठल्याही सरासरीला तिच्या हंगामाच्या सरासरीशेजारी ठेवून वाचा. १९३० मध्ये बिल टेरीने नॅशनल लीगमध्ये .४०१ केलं. १९६८ मध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्कीने अमेरिकन लीगचा किताब .३०१ वर जिंकला. शंभर सहस्रांशांचा फरक, वरवर पाहता जमीन-अस्मानाचा. पण १९३० मध्ये संपूर्ण नॅशनल लीगचीच सरासरी .३०३ होती आणि १९६८ मध्ये अमेरिकन लीगची .२३०. भागाकार करा: टेरी आपल्या लीगपेक्षा ३२ टक्के वर, यास्ट्रझेम्स्की ३१ टक्के वर. जवळजवळ सारखेच! १९६८ मध्ये पिचर (बेसबॉलचे गोलंदाज) इतके वरचढ झाले होते की पुढच्याच वर्षी ते ज्यावरून चेंडू टाकतात तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. हा भागाकार तुम्ही घरबसल्या कुठल्याही खेळाडूचा करू शकता, आणि केलात की जुन्या काळातल्या .३४०-.३५० वाल्या कित्येक नावांचा दबदबा जरा कमी होतो. अलीकडच्या काळातल्या टोनी ग्वीनचं .३३८ मात्र उलट आणखी मोठं दिसतं.

या भागाकाराने एक गोष्ट सुटत नाही: लीगमध्ये खेळायला कोणाला मिळत होतं. स्मोकी जो विल्यम्ससारखा कृष्णवर्णीय पिचर कॉबच्या लीगमध्ये कधी आला नाही, कारण त्याला येऊच दिलं नाही. गिब्सनच्या लीग नोंदीत गोऱ्यांच्या लीगमधला पिचर बॉब फेलर नाही, त्याच कारणाने. दोघांच्याही सरासरीमागे समोर न आलेले पिचर आहेत. गिब्सनबद्दल ही शंका काढणाऱ्याने ती कॉबबद्दलही काढावी, एवढा समतोल मी मागतो.

आजच्या खेळाडूंचं काय, याचं उत्तर मुख्यतः स्ट्राइकआउटमध्ये (तीन स्ट्राइकवर बाद होण्यात) आहे. चेंडूला बॅटच लागली नाही तर हिट कुठून येणार? विल्यम्स १९४१ मध्ये अख्ख्या हंगामात २७ वेळा स्ट्राइकआउट झाला. ग्वीन वीस हंगामांत मिळून ४३४ वेळा. आज दोनेक वर्षांत तेवढे करणारे बॅटर आहेत. २०१८ मध्ये मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच हंगामातले एकूण स्ट्राइकआउट एकूण हिट्सपेक्षा जास्त झाले. फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी १५० किलोमीटरच्या वर गेलाय, आणि सातव्या डावात दमलेला पिचर समोर असण्याऐवजी ताजातवाना नवा पिचर येतो. शिवाय संघच बॅटरांना सांगतात की सरासरीच्या मागे लागू नका, वॉक घ्या, लांब मारा. विल्यम्सची कारकिर्दीची सरासरी .३४४, पण २,०२१ वॉक धरून तो .४८२ प्रमाणात बेसवर पोहोचला. सामना जिंकायला हा दुसरा आकडा जास्त कामाचा, हे आता सगळ्यांना पटलंय. २०२५ मध्ये ट्रे टर्नरने नॅशनल लीगचा सरासरीचा किताब .३०४ वर जिंकला. तो पिढीचा दुबळेपणा मानू नका. आज त्या आकड्याला जुन्या आकड्यांपेक्षा जास्त किंमत पडते.

शेवटी, चालू खेळाडूंबद्दल एक खबरदारी. क्रिकेटमधल्यासारखीच ही सरासरी उतारवयात घसरते. मिकी मँटल १९६८ च्या हंगामाआधी .३०२ वर होता. त्या शेवटच्या हंगामात.२३७ झाले आणि कारकीर्द .२९८ वर थांबली. आल्बर्ट पुहोल्स २०११ अखेर .३२८ वर होता, निवृत्त होताना .२९६. या बाबतीत कॉब खरोखर अचाट: सलग २३ हंगाम .३०० च्या वर, आणि वयाच्या ४१ व्या वर्षी, शेवटच्या हंगामात, .३२३. जपानमध्ये तर हे यादीच्या माथ्यावरच घडलं. तिथे ४,००० ॲट-बॅटची अट आहे. नोरिचिका आओकी अमेरिकेतून २०१८ मध्ये परतला, ती अट ओलांडली आणि लेरॉन लीच्या .३२० ला मागे टाकून पहिला झाला. मग वय वाढत गेलं, सरासरी घसरत गेली, २०२४ मध्ये तो .३१३ वर निवृत्त झाला. आणि १९८७ मध्येच खेळ थांबवलेला ली परत त्याच्या वर गेला. म्हणून मी यादी करतो तेव्हा अजून खेळणाऱ्यांची नावं वेगळी ठेवतो आणि शेजारी त्यांचं वय लिहितो.